मॅगझिन काढलं, म्हणजे पिस्तूल रिकामं झालं?



तुम्हाला माहीतच आहे, या सदरात मी दर महिन्याला आयुष्यात कधी न केलेली एक गोष्ट करून बघते आणि तुम्हाला सांगते. मी पोहायला शिकले तेव्हा तुम्ही हसलात, पापड लाटले तेव्हा तर पोट धरून हसलात. या वेळी मात्र हसण्यासारखं फार काही नाही. मी स्वतः काही केलंही नाही, नुसती मागे उभी राहून बघत होते. तरीही घरी आले तेव्हा पाय लटपटत होते.

झालं असं की आमच्या काकांनी पिस्तूल घेतलं. आणि ते पहिल्यांदा चालवून बघायला रेंजवर गेले, तेव्हा मला सोबत नेलं.

ग्वाल्हेरात बंदूक म्हणजे काय?

तुमच्यापैकी पुण्या-नाशिककडच्या वाचकांना हे वाचून धक्का बसेल, पण आमच्या ग्वाल्हेरात कुणी परवान्याची बंदूक घेतली तर शेजारी पेढे मागायला येतात. आम्ही शिंद्यांच्या काळापासून इथले, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. गणपतीत आरत्या आमच्या आणि लग्नाच्या वरातीत खांद्यावर दुनाळी इथली! भिंड, मुरैना, शिवपुरी हा सगळा चंबळच्या बाजूचा पट्टा. इथे बंदुकीचा परवाना ही इतकी हवीहवीशी गोष्ट आहे, की २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली होती. आणि २०१९ मध्ये आमच्या ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्यांना आधी दहा झाडं लावायला सांगितली होती. लोकांनी लावलीसुद्धा.

आमच्या घरातही आजोबांची बारा बोरची दुनाळी होती. आजोबा गेल्यावर ती जमा झाली, पण काकांच्या मनातून गेली नाही. तरी काकांनी पिस्तूल हौसेसाठी घेतलं नाही. त्यांचा औषधांच्या घाऊक विक्रीचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करून येताना दोन मोटरसायकलवाल्यांनी त्यांची पैशांची पिशवी हिसकावली. काका पडले, मनगट मोडलं. पैसे गेल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं, पण त्यानंतर मागून मोटरसायकलचा आवाज आला की काका रस्त्याच्या कडेला थांबायला लागले. मग त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला.

अर्ज, पोलीस चौकशी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवू अशी लेखी हमी, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण... यात दोन वर्षं गेली. शेवटी परवाना आला. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही. बाहेरच्या देशातलं जुनं पिस्तूल घ्यायचं तर लाखोंची बात. म्हणून काकांनी देशी बनावटीचं, परवडणारं, ज्याला इथे सगळे ‘बत्तीस बोर’ म्हणतात ते सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं. किंमत साधारण एका नव्या स्कूटरएवढी. काकू म्हणाली, “स्कूटर घेतली असती तर मी तरी चालवली असती.”

त्या संध्याकाळी घरात

पिस्तूल घरी आलं त्या संध्याकाळचं मी जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दिवाणखान्यात आम्ही सगळे जमलो होतो. काका, काकू, दादा, वहिनी, मी आणि दादाचा पाच वर्षांचा मुलगा, आमचा छोटू. काकांनी डबा उघडला. मॅगझिनमध्ये गोळ्या भरून दाखवल्या. मॅगझिन खालून मुठीत सरकवलं. “आणि हे असं ओढलं की तयार!” म्हणून वरची स्लाइड मागे ओढून सोडली. खट्ट असा आवाज झाला. सिनेमात होतो तसाच. छोटूने टाळ्या वाजवल्या.

मग काकूने डोळे मोठे केले, तेव्हा काकांनी मॅगझिन काढून खिशात टाकलं. “हे बघ, गोळ्या माझ्या खिशात. आता हे नुसतं लोखंड आहे.”

ते लोखंड मग आमच्या हातातून फिरलं. दादाने नेम धरून बघितला, टीव्हीवर. छोटूने दोन्ही हातांनी धरलं. त्याला ते उचलत नव्हतं, म्हणून दादाने खालून आधार दिला. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यानंतर काकांनी पिस्तूल डब्यात घातलं आणि डबा कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. कपाटाला कुलूप होतं, किल्ली कपाटालाच लटकलेली. तुमच्याकडेही अशीच लटकत असेल, नाही का?

रेंजवर

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. परवाना काकांच्या नावावर, त्यामुळे पिस्तूल चालवणार फक्त काका. माझं काम व्हिडिओ काढायचं आणि नंतर कचोरी खायची.

माझ्या डोक्यात रेंज म्हणजे सिनेमातलं चकाचक काहीतरी होतं. प्रत्यक्षात मातीचा उंच बांध, पत्र्याची शेड, लाकडी टेबलं आणि दहा मीटरवर कागदी टार्गेट. आत जाण्याआधी कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा. तिथले प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब. पांढऱ्या मिशा, आवाज अगदी हळू. त्यांनी काकांचा परवाना पाहिला, त्यावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि विचारलं, “भरा हुआ है?”

“नाही हो, खाली है,” काका म्हणाले आणि खिशातून मॅगझिन काढून दाखवलं.

सुभेदार साहेबांनी पिस्तूल हातात घेतलं, नळी मातीच्या बांधाकडे केली आणि स्लाइड मागे ओढली.

एक पितळी गोळी उडून टेबलावर पडली. गडगडत कडेपर्यंत गेली आणि थांबली.

कुणीच काही बोललं नाही. काकांचा चेहरा पांढरा पडला. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं, आणि पहिल्यांदा आठवला तो माझ्या फोनमधला फोटो.

आठ दिवस ती गोळी तिथेच होती. टीव्हीवर नेम धरला तेव्हा होती. छोटूच्या हातात होती. साड्यांच्या मागे, लटकत्या किल्लीच्या कपाटात होती.

असं का झालं?

मी बीए इंग्लिश. मशीनमधलं मला मिक्सरच्या पलीकडे काही कळत नाही. तरी त्या दिवशी सुभेदार साहेबांनी टेबलावर समजावलं ते मला पक्कं कळलं आणि तुम्हालाही कळावं असं वाटतं. तुमच्या घरात बंदूक नसेल, पण एखाद्या मामाकडे, शेजाऱ्याकडे, गावच्या वाड्यात असू शकते.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या दोन ठिकाणी असतात. एक मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी लांबट डबी. दुसरी जागा नळीच्या मागच्या टोकाला, तिला चेंबर म्हणतात. तिथे एकच गोळी बसते आणि सुटते ती तिथूनच. स्लाइड मागे ओढून सोडली की ती पुढे जाताना मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये बसवते. चाप ओढला की ती गोळी सुटते, धक्क्याने स्लाइड आपोआप मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे जाताना पुढची गोळी चेंबरमध्ये नेते. पुन्हा चाप ओढला की पुन्हा एक. यातलं ‘ऑटोमॅटिक’ एवढंच, की पुढची गोळी भरण्याचं काम पिस्तूल स्वतः करतं.

म्हणजे त्या संध्याकाळी काकांनी “हे असं ओढलं की तयार” म्हणून स्लाइड सोडली, तेव्हा एक गोळी चेंबरमध्ये जाऊन बसली होती. नंतर मॅगझिन काढलं, त्यात उरलेल्या गोळ्या खिशात गेल्या. ही एक आतच राहिली.

काकांना हे का कळलं नाही? ते काही बेफिकीर माणूस नाहीत. गॅसचं बटण रात्री दोनदा बघणारे आहेत. पण त्यांचा हात आजोबांच्या दुनाळीवर बसलेला. दुनाळी मधून मोडली की दोन्ही नळ्या समोर उघड्या, गोळी आहे की नाही ते लहान मुलालाही दिसतं. प्रशिक्षण घेतलं होतं, पण तेही वर्षापूर्वी, थोडक्यात. पिस्तुलात आतलं काही समोर दिसत नाही, मुद्दाम बघावं लागतं.

रिकामं करायचा क्रम सुभेदार साहेबांनी काकांकडून दहा वेळा करून घेतला. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून धरायची. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला तर काही उपयोग नाही, कारण मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. “आँख से देखो, उँगली से छुओ, फिर भी भरी हुई समझो,” ते म्हणाले.

मग गोळ्या झाडल्या

मला वाटलं काका आता परत जाऊ म्हणतील. पण ते थांबले. सुभेदार साहेबांनी मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरायला लावल्या. एका गोळीच्या पैशात एक चांगली थाळी येते, आणि किती काडतुसं घेतली याची दुकानात नोंद असते, त्यामुळे उधळपट्टीचा प्रश्नच नव्हता.

पहिला आवाज झाला आणि मफ लावूनही माझ्या छातीत धडधडलं. सिनेमातला आवाज आणि हा आवाज यांचा काही संबंध नाही. पाच गोळ्या झाल्यावर कागद जवळ आणला, तर भोकं दोन. एक कोपऱ्यात, एक खाली. दहा मीटरवर! आमच्या घराच्या फाटकापासून स्वयंपाकघर त्याहून लांब असेल.

सुभेदार साहेबांनी मग एक गंमत केली. काकांना न सांगता गोळ्यांच्या मध्ये एक नकली काडतूस भरलं. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला, नुसता ‘टक’ झाला, आवाज नाही, धक्का नाही. तरी काकांचा हात चांगला चार बोटं खाली गेला. पिस्तूल उडण्याआधीच काका घाबरून हात खाली दाबत होते. म्हणून गोळ्या मातीत जात होत्या. काका ओशाळून हसले.

तिसऱ्या फेरीत पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी राहिली. काकांचं ते मोडलेलं मनगट सैल पडत होतं. हात घट्ट नसला की स्लाइडला मागे यायला पुरेसा आधार मिळत नाही आणि असं होऊ शकतं, हे नंतर कळलं. त्या क्षणी काका गोंधळले आणि “अरे, हे काय झालं?” म्हणत आमच्याकडे वळले. पिस्तुलासकट.

सुभेदार साहेबांचा हळू आवाज पहिल्यांदा चढला. “सामने!” आणि त्याच वेळी त्यांनी काकांचा हात धरून बांधाकडे वळवलासुद्धा. सगळं मिळून एक सेकंद. मी व्हिडिओ काढत होते, त्यात तो सेकंद आला आहे. नळी सरळ फोनकडे, म्हणजे माझ्याकडे. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला.

पलीकडच्या शेडमध्ये एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एअर पिस्तुलाचा सराव करत होती. एका हाताने, अगदी शांत. तिच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. याच प्रकारात मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं. आणि त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये. पण मी बघत होते ते तिचे गुण नव्हे. पाणी प्यायला जाताना तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, चेंबर उघडं ठेवलं आणि त्यातून एक केशरी दोरा आरपार घातला. मी विचारलं तर म्हणाली, “दीदी, ये सेफ्टी फ्लॅग है. दूर से भी सबको दिखना चाहिए कि खाली है.”

गोळीऐवजी छर्रा सोडणाऱ्या, खेळाच्या पिस्तुलाला ही काळजी. आणि आमच्याकडे खरं पिस्तूल साड्यांच्या मागे.

“घरी सांगू नकोस”

परतताना काकांनी कचोरीच्या दुकानासमोर गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. म्हणाले, “त्या गोळीचं घरी सांगू नकोस. वहिनी ऐकेल तर मुलाला घेऊन माहेरी जाईल. तुझी काकू मला आयुष्यभर ऐकवेल. झालं ते झालं. आता मला समजलंय ना?”

मंडळी, तुम्ही काय केलं असतंत? मी “बरं” म्हटलं. लहानपणी माझी फी ज्यांनी भरली त्या माणसाला रस्त्याच्या कडेला डोळे पुसताना बघून मी दुसरं काही बोलू शकले नाही. पण दुपारभर मला एकच दिसत होतं. छोटूला आता वाटतंय की पिस्तूल हे हातात घेऊन फोटो काढायचं खेळणं आहे. दादाला वाटतंय मॅगझिन काढलं की झालं. काका एकटे शहाणे होऊन काय उपयोग? चुकीचं तर आम्ही सगळेच शिकलो होतो.

संध्याकाळी मी काकांच्या खोलीत गेले आणि फोटो त्यांच्यासमोर धरला. बोलले काहीच नाही. त्यांनी बराच वेळ पाहिला. छोटू फोटोत हसत होता. त्याचं बोट कुठे होतं ते आम्ही दोघांनी पाहिलं.

रात्री जेवायला बसल्यावर काकांनी स्वतःच सांगितलं. सगळं. गोळी टेबलावर पडली ते, आणि माझ्याकडे वळले तेही. वहिनी ताटावरून उठली. छोटूला उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. काकू रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, “पाकीट मारतील म्हणून आणलंत ना ते? पाकिटात आणखी काय होतं आपल्या?”

आता आमच्याकडे काय आहे

दुसऱ्या दिवशी काका पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आले. हत्यार असं सुरक्षित ठेवण्यासाठी जमा करता येतं, पावती मिळते. भिंतीत बोल्टने बसवायची लोखंडी तिजोरी आली, तेव्हाच पिस्तूल परत आलं. मधले तीन आठवडे वहिनी काकांशी कामापुरतंच बोलत होती.

आता पिस्तूल तिजोरीत, रिकामं. गोळ्या दुसऱ्या कुलपात. किल्ली फक्त काकांकडे, कारण परवाना त्यांचा. घरात पाहुण्यांना दाखवणं बंद. लग्नावरातीत न्यायचा तर प्रश्नच नाही. आनंदात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे काका आता स्वतःच लोकांना सांगतात.

छोटूला वहिनीने एकच वाक्य शिकवलंय. कुठेही, कुणाच्याही घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. खेळण्यातली वाटली तरी. हे वाक्य तुम्हीही आज मुलांना शिकवा, एवढीच माझी विनंती.

आणि तुमच्या नात्यात कुणाकडे हत्यार असेल, तर पुढच्या भेटीत संकोच न करता विचारा: कुठे ठेवता? किल्ली कुठे असते? चेंबर बघितलंत का? त्यांना राग येईल. येऊ द्या.

आणखी एक बदल झाला. दुकानाची रोकड आता घरी येतच नाही. बँकेचा माणूस दुपारीच घेऊन जातो, बाकीचं सगळं फोनवर. काकूने हे तीन वर्षांपूर्वीच सुचवलं होतं.

मग पिस्तूल कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. काका म्हणाले, “ठेवायचं की विकायचं ते अजून ठरत नाहीये. पण घरात आहे तोवर मला ते नीट आलं पाहिजे.” दर दुसऱ्या रविवारी ते रेंजवर जातात. परवा पाचपैकी चार गोळ्या कागदावर लागल्या. तो कागद त्यांनी घरी आणला नाही, गाडीत ठेवला आहे.

मीही एकदा त्यांच्यासोबत गेले. क्लबचं एअर पिस्तूल चालवून बघितलं, सुभेदार साहेबांच्या देखरेखीखाली. माझे गुण विचारू नका. पण केशरी दोरा मी एकदाही विसरले नाही.

पुढच्या महिन्यात काहीतरी हलकंफुलकं करू. तुम्हीच सुचवा!